बंद पाण्याच्या गिरणीला बसवलेली किडनी: त्सुल्पिखचं प्रकरण

पुठ्ठ्याचं नवंकोरं खोकं नाकाजवळ धरून बघा. बहुतेक खोक्यांना ओलसर लाकडासारखा, जेमतेम जाणवणारा वास असतो. एखादं खोकं मात्र खवट तुपासारखं वास मारतं, आणि त्यात भरलेल्या बिस्किटांनाही तो वास लागतो. हा ब्युटिरिक आम्लाचा वास. खवट लोण्याला येतो तोच. हे आम्ल कोणी कागदात घालत नाही आणि रद्दीबरोबरही फारसं येत नाही. ते गिरणीच्या पाण्यात तयार होतं. पाणी जितकं जास्त वेळा फिरवाल तितकं जास्त.

रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद करणाऱ्या गिरण्यांच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) मी बरीच वर्षं काढली आहेत. आपल्याकडे अशा गिरण्यांत ‘झिरो डिस्चार्ज’ हा शब्द आता रोज कानावर पडतो. बाहेर जाणारा पाइप बंद केला, पाणी आतल्या आत फिरवलं, की काम झालं अशी समजूत असते. पाइप बंद केल्यावर गिरणीत काय होतं आणि त्यावर उपाय काय, हे नीट समजून घ्यायचं तर जर्मनीतल्या त्सुल्पिखचं उदाहरण घ्यावं. तिथे हे सगळं आपल्या कितीतरी आधी घडून गेलंय.

त्सुल्पिख हे कोलोनच्या नैर्ऋत्येला असलेलं छोटं, जुनं गाव. रोमन काळात त्याचं नाव टोल्बियाकम होतं. तिथल्या रोमन स्नानगृहाचे अवशेष जपले आहेत आणि त्याभोवती स्नानसंस्कृतीचं संग्रहालय उभं केलं आहे. या गावच्या गिरणीत फक्त रद्दीपासून खोक्यांचा कागद बनतो, वरच्या सपाट थराचा आणि मधल्या नागमोडी थराचाही. १९९० च्या दशकात ती काप्पा समूहाची होती. पुढे २००५ मध्ये स्मर्फिट आणि काप्पा या कंपन्या एक झाल्या.

या गिरणीने १९७० च्या दशकातच पाण्याचं चक्र पूर्ण बंद केलं. सांडपाणी शून्य. ताजं पाणी घ्यायचं ते फक्त ड्रायरवर वाफ होऊन उडतं तेवढंच. प्रेसमधून निघून ड्रायरकडे जाणाऱ्या कागदाच्या पट्ट्यात साधारण निम्मा कागद आणि निम्मं पाणी असतं, म्हणजे १ टन कागदामागे सुमारे १ घनमीटर पाणी. बाकीचं सगळं बॅकवॉटर, म्हणजे कागदातून निथळलेलं पाणी, पुन्हा पल्परकडे, म्हणजे रद्दी पाण्यात घुसळून लगदा करणाऱ्या टाकीकडे. कागदावर हा हिशेब फार देखणा दिसतो.

पण पाणी उडतं, पाण्यात विरघळलेलं उडत नाही. जुन्या खोक्यांमध्ये स्टार्च भरपूर असतो. नागमोडी थर चिकटवायला वापरलेला असतो, कागदाला ताकद यावी म्हणून वरून लावलेलाही असतो. पल्परमध्ये तो पाण्यात उतरतो. पाणी पन्नासच्या आसपास अंश सेल्सिअसला, वर स्टार्चची मेजवानी, मोठमोठ्या टाक्या आणि त्यांचे न ढवळलेले कोपरे. जिवाणूंना आणखी काय हवं? ते स्टार्चची साखर करतात आणि साखरेची आम्लं: अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक. आम्लं वाढली की पीएच उतरतो. पीएच उतरला की रद्दीतलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेली चुनखडी, विरघळायला लागतं आणि पाणी भयंकर जड होतं. जिथे ऑक्सिजन उरत नाही तिथे सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. पाठोपाठ पाइप गंजतात, वायरवर (लगदा निथळवणाऱ्या जाळीवर) आणि फेल्टवर (ओला कागद वाहून नेणाऱ्या जाड कापडावर) चिकट शेवाळी थर धरतो, तो सुटून कागदात आला की पट्टा तुटतो. मग जंतू मारणारं बायोसाइड ओता, त्याचा खर्च सोसा.

त्सुल्पिखच्या चक्रातल्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण संपवायला किती ऑक्सिजन लागेल याचं माप) लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅमवर गेला होता. ओळखीचं माप सांगायचं तर घरगुती मैलापाण्याचा सीओडी साधारण पाचशेच्या घरात असतो. म्हणजे मैलापाण्याच्या सत्तरपट घट्ट पाण्यात कागद बनत होता.

आता हा आकडा जरा पुढे नेऊन बघू. हे गणित माझं आहे, गिरणीच्या वहीतलं नाही. ३५,००० मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरला ३५ किलो. टनामागे सुमारे १.१ घनमीटर पाणी पट्ट्याबरोबर ड्रायरकडे जातं असं धरलं, तर त्यासोबत ३८ किलो सीओडी जातो. गिरणीला दुसरी वाटच नाही. स्टार्चचे तुकडे, क्षार, जड सेंद्रिय पदार्थ कागदात राहतात. आम्लांचा काही भाग वाफेबरोबर धुराड्यातून गावावर जातो आणि उरलेला खोक्यात बसून बिस्किटांपर्यंत पोचतो. नाला बंद केला तेव्हा गिरणीने कागदालाच नाला करून टाकलं होतं. ‘झिरो डिस्चार्ज’ म्हणताना आपण हे मोजत नाही, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

१९९५ मध्ये त्सुल्पिखने चक्राच्या आतच जैविक प्रक्रिया बसवली. बाहेर सोडायच्या पाण्यासाठी नव्हे, गिरणीच्या स्वतःच्या पाण्यासाठी. जर्मन कागदवाले अशा मांडणीला किडनी म्हणतात, आणि तो शब्द अगदी चपखल आहे. किडनी काही सगळं रक्त एकदम गाळत नाही. वाहत्या रक्तातला हिस्सा घेते, स्वच्छ करते, परत सोडते, आणि हे अखंड चालू ठेवते.

पाण्याची वाट अशी: चक्रातून पाण्याचा एक भाग काढायचा, तंतू आणि गाळ वेगळे करायचे, तापमान ३५ ते ३७ अंशांच्या आसपास उतरवायचं. मग आम्लीकरणाची टाकी, त्यानंतर हवेविना घाणीचा मिथेन करणारे दोन यूएएसबी रिअ‍ॅक्टर, त्यामागे हवेच्या टाक्या, निवळण, वाळूचा फिल्टर, आणि तिथून पाणी परत मशीनच्या चक्रात. तापमान उतरवायचं कारण मिथेन करणारे जंतू. त्यातले बहुतेक कोमट पाण्यातच सुखी असतात. मशीनला मात्र गरम पाणी लागतं, कारण गरम पाणी वायरवरून लवकर निथळतं. त्यामुळे पाणी एकदा थंड करा, नंतर पुन्हा तापवा, हा द्राविडी प्राणायाम वाट्याला येतो. काढलेली उष्णता वाया जाऊ न देणं ही इथली अर्धी इंजिनिअरिंग.

चक्रातला सीओडी ३५,००० वरून सुमारे ८,००० वर आला. कोणी म्हणेल, आठ हजार ही काय सफाई झाली? नदीत सोडायचं असतं तर नक्कीच नाही. पण इथे नदी नाही, मशीन आहे. आठ हजाराला वास ताब्यात राहतो, पीएच सावरतो, कागद विकण्याजोगा होतो. त्याच गणिताने आता कागदाबरोबर टनामागे जेमतेम ९ किलो सीओडी जातो. उरलेला सुमारे ३० किलो किडनीने खाल्ला. आठ हजाराच्या पाण्यातला ८० टक्के सीओडी ती काढते असं मानलं, तर टनामागे साडेचार-पावणेपाच घनमीटर पाणी तिच्यातून फिरवावं लागेल. म्हणजे वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याच्या चौपटीहून थोडं जास्त. स्वतःच्या गिरणीचे आकडे टाकून हे गणित करायला अर्धा तासही लागत नाही, आणि रिअ‍ॅक्टर विकायला आलेल्या माणसाशी बोलण्याआधी ते झालेलं असावं.

हवेशिवायच्या प्रक्रियेचा आग्रह का, हेही याच ३० किलोंवरून सांगता येतं. त्यातला पाऊण हिस्सा, २२ किलो धरा, यूएएसबीमध्ये संपला. सीओडीच्या १ किलोमागे ०.३५ घनमीटर मिथेन, म्हणजे टन कागदामागे जवळजवळ ८ घनमीटर. त्याची उष्णता साधारण ८० युनिट. हेच २२ किलो हवेच्या टाकीत संपवायचे तर किलोमागे साधारण १ युनिट वीज ब्लोअरला जाईल आणि वर सात-आठ किलो सुका स्लज (जंतूंचा गाळ) उरेल. हवेविना एखादा किलो. पण गॅसवर गिरणी चालेल असं स्वप्न कोणी दाखवलं तर विश्वास ठेवू नका. टनभर कागद सुकवताना उडणाऱ्या १.१ टन पाण्याची नुसती वाफ करायलाच सातशेच्या आसपास युनिट उष्णता लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. गॅस त्याचा दहावा हिस्सा भागवेल. आनंदाने जाळावा, पण किडनी बसवायचं कारण तो नाही.

यूएएसबीमध्ये पाणी तळातून शिरतं आणि तासाला अर्धा ते एक मीटर या संथ गतीने वर चढतं. आत ना ढवळणी, ना जाळी, ना माध्यम. सगळी भिस्त ग्रॅन्यूलवर. मोहरीच्या दाण्याएवढ्या या काळ्या गोळ्या म्हणजे जंतूंच्या वस्त्या: बाहेरच्या बाजूला आम्ल करणारे, आत अ‍ॅसेटिकचा मिथेन करणारे तंतुमय जंतू एकमेकांत गुंतलेले. गोळी जड असल्याने खाली बसते, पाणी तिच्या अंगावरून निघून जातं, गॅसचे बुडबुडे वर जातात आणि डोक्यावरचा तिहेरी विभाजक पाणी, गॅस, गोळ्या वेगळ्या करतो. ही रचना १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या गात्झे लेटिंगा यांनी साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर घडवली. तिचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. जगभर ती इतकी पसरली त्यामागे या निर्णयाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं, आणि त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. रद्दी वापरणाऱ्या कागद गिरणीत हा रिअ‍ॅक्टर १९८३ मध्ये नेदरलँड्सच्या रूरमोंडमध्ये चालू झाला होता. म्हणजे त्सुल्पिखच्या हाती बारा वर्षांचा अनुभव होता. नवं होतं ते पाणी पुन्हा मशीनवर नेणं.

खरी झुंज मात्र चुन्याशी.

चक्रातल्या आंबट पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं, आणि आम्लं आहेत तोवर ते विरघळलेलं राहतं. मिथेनवाले जंतू नेमकी ती आम्लं खातात. आम्ल गेलं, त्याच्या जागी बायकार्बोनेट आलं, पीएच चढला. आता कॅल्शियम आणि बायकार्बोनेट समोरासमोर उभे. चुनखडी बसणारच, आणि ती बसते जिथे पीएच सगळ्यात जास्त चढतो तिथे, म्हणजे ग्रॅन्यूलच्या आत. जंतू स्वतःभोवतीच भिंत बांधून घेतात. पुढे हवेच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तेव्हा उरलेलं कॅल्शियमही खाली बसतं. टाकीत, पाइपात, पंपाच्या इंपेलरवर.

त्सुल्पिखच्या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखं इथेच दिसतं. हा चुना फक्त त्रास नाही. बंद चक्रातून कॅल्शियम काढण्याचा तोच मार्ग आहे. प्रक्रियेतून परत जाणारं पाणी गेलेल्या पाण्यापेक्षा मऊ असतं. म्हणून प्रश्न चुना कसा थांबवायचा हा नाहीच, तो कुठे बसवायचा हा आहे. रिअ‍ॅक्टरमध्ये कमीत कमी, आणि त्यानंतर ठरवलेल्या जागी जितका बसेल तितका. जर्मनीतल्या बंद चक्राच्या गिरण्यांत पुढे ‘चुन्याचे सापळे’ बसवले गेले ते याच विचाराने: अनॅरोबिक, म्हणजे हवेविना चालणाऱ्या प्रक्रियेतून निघालेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवा मारून उडवायचा, चुना तिथल्या तिथे पाडायचा, आणि मऊ पाणी पुढे न्यायचं.

हे मी आज इतक्या सहज लिहितोय, पण मी काम केलेल्या एका गिरणीत आम्ही याच्या उलट वागलो. रिअ‍ॅक्टर सुरू करून दीडेक वर्ष झालं होतं. दर आठवड्याला आम्ही बाजूच्या नळांमधून नमुने काढून स्लजची पातळी बघायचो, आणि ती वाढत होती. स्लज वाढतोय म्हणजे जंतू वाढतायत, रिअ‍ॅक्टर सुदृढ आहे, असं मी स्वतः रिपोर्टात लिहिलंय. दरम्यान गॅस हळूहळू कमी होत होता. त्याचा दोष आम्ही रद्दीला दिला, पावसाळ्याला दिला. पावसाळ्याचा दोष अगदीच खोटा नव्हता: उघड्या यार्डात भिजलेल्या रद्दीच्या बेल (गठ्ठे) आतून गरम होऊन आंबतात आणि पल्परमध्ये यायच्या आधीच त्यांची आम्लं तयार असतात. पण मुख्य कारण ते नव्हतं.

लॅबमधल्या एका तरुण केमिस्टने एके दिवशी खालच्या नळाचा स्लज पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत ओतला, पाण्याने दोनदा धुतला, आणि मला हाक मारली, “सर, जरा या गोळ्या चिमटीत धरून बघा.” चांगली ग्रॅन्यूल बोटांत दाबली की साबुदाण्यासारखी दबते आणि काळपट चिकट होऊन फुटते. या दबेनात. खड्यासारख्या टोचत होत्या. तिने ब्लेडने एक गोळी मधोमध कापली. बाहेर काळी किनार, पातळ, आणि आत सगळं राखाडी-पांढरं. मग त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला. गोळी फसफसली, आणि फसफस थांबली तेव्हा ताटलीत काळ्या किनारीचं रिकामं टरफल तेवढं राहिलं होतं.

आमची वाढणारी पातळी जंतूंची नव्हती, दगडांची होती. तळाशी पाणी वाटणारे नोझल निम्म्याहून जास्त बुजले होते, त्यामुळे पाणी एका बाजूने वर चढत होतं आणि दुसरी बाजू मेल्यात जमा होती. आम्ही एकूण घन पदार्थ मोजत होतो, पण भट्टीत जाळल्यावर किती राख उरते हे मोजत नव्हतो. ती राख मोजली असती तर सहा महिने आधीच कळलं असतं. तळाचा जड स्लज काढून टाकावा लागला आणि नव्या ग्रॅन्यूलसाठी पैसे मोजावे लागले.

दुसरी चूक आम्लीकरणाच्या टाकीत होती. पाणी तिथे जितकं जास्त मुरवू तितकं रिअ‍ॅक्टरचं काम हलकं, असं आम्हाला वाटायचं. पण सगळ्या साखरेचं आम्ल तिथेच झालं तर ग्रॅन्यूलवर नवा जीव चढायला काही उरत नाही. आम्ल खाणारे जंतू अत्यंत सावकाश वाढतात, आम्ल करणारे झपाट्याने. गोळीवर जिवंत थर चढण्याचा वेग चुना बसण्याच्या वेगापेक्षा जास्त राहावा, तर थोडं कच्चं, न आंबलेलं अन्न रिअ‍ॅक्टरपर्यंत पोचलं पाहिजे. फार पोचलं तर गोळ्या फुगून तरंगतात आणि वाहून जातात. तेव्हा अर्धवट आम्लीकरण, आणि ते अर्धवट राखायला रोजचं लक्ष.

गंधकाचं थोडक्यात सांगतो. सल्फेट खाणारे जंतू मिथेनवाल्यांच्या ताटातलं खातात: १ किलो सल्फेटमागे ०.६७ किलो सीओडी. वर हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की मिथेनवाल्यांना बाधतो. आपल्याकडे रोझीन (राळ) आणि अ‍ॅलम वापरून सायझिंग (कागदाने पाणी शोषू नये म्हणून करायची प्रक्रिया) करणाऱ्या गिरण्यांत सल्फेट अ‍ॅलममधूनच येतं, आणि बंद चक्रात ते साठत जातं. तटस्थ पीएचच्या सायझिंगकडे वळणं हा इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो ईटीपीच्या हातात नसतो, प्रॉडक्शनच्या हातात असतो, म्हणून राहून जातो. गॅस मात्र धुतल्याशिवाय बॉयलरला देऊ नये, बर्नर आणि चिमणी दोन्ही खातो.

आणि युरिया. कागदाच्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस जवळपास नसतोच, तो बाहेरून द्यावा लागतो. साध्या ईटीपीत जरा जास्त पडला तर चालून जातं. चक्रातल्या किडनीत चालत नाही, कारण उरलेलं खत पाण्याबरोबर मशीनवर जातं आणि तिथल्या चिकट थराला खतपाणी मिळतं. हवेविना काम करणाऱ्या जंतूंची गरज हवेवाल्यांपेक्षा कितीतरी कमी असते, कारण ते वाढतातच कमी. त्यामुळे डोस मोजूनच टाकावा, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय उरलंय ते बघून ठरवावा. “एक पोतं रोज” हा हिशेब इथे महागात पडतो.

त्सुल्पिखची नक्कल जशीच्या तशी करा असं मी म्हणणार नाही. आपल्या रद्दीत माती, प्लास्टिक, बारीक तंतू जास्त. उन्हाळ्यात कूलिंग टॉवर पाणी ३५ पर्यंत आणता आणता थकतो. पण क्रम त्यांच्याकडून घ्यावा. त्यांनी आधी चक्र बंद केलं आणि वीसेक वर्षं वास सोसून मग किडनी बसवली. आपल्याला ती वीस वर्षं सोसायची गरज नाही. जी गिरणी आज पाइप बंद करायच्या विचारात आहे तिने त्याच आराखड्यात किडनीची जागा, चुना पाडायची जागा आणि तो चुना काढून न्यायला ट्रॉली फिरेल एवढा रस्ता आखून घ्यावा. हा रस्ता आम्ही आखला नव्हता. रिअ‍ॅक्टरच्या तळातला दगडी स्लज घमेल्यांनी बाहेर काढावा लागला, तीन पाळ्यांत, माणसांकडून.

त्यानंतर त्या लॅबमध्ये सोमवारची वही सुरू झाली. खालच्या, मधल्या आणि वरच्या नळाचा स्लज, प्रत्येकाची राख किती टक्के, रिअ‍ॅक्टरमध्ये शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम, दोहोंतला फरक. शेवटच्या रकान्याला तिने नाव दिलं होतं ‘थेंब’, आणि त्यात फक्त एक शब्द लिहायचा असायचा: फसफसली, किंवा नाही.